मोगऱ्याच्या रोपाला हात लावणाऱ्यांचे आभार

पाडव्याच्या आदल्या दिवशी लातूरच्या बसस्टँडवर माझ्या मोगऱ्याच्या रोपाची पिशवी फाटली. माती सांडली, पांढरी मुळं उघडी पडली. एका मावशींनी फडकं ओलं करून मुळांना गुंडाळलं. एका दादांनी आपल्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे गाव, इथं पाण्याचं मोल कुणाला सांगायला नको! बसमध्ये शेजारच्या आजींनी झेंडूचं बी दिलं, "वांग्याच्या वाफ्यात लाव, मुळाला गाठी धरत नाहीत." खरंच आहे ते, झेंडूनं सूत्रकृमी, म्हणजे मुळांना गाठी आणणारे मातीतले बारीक जंत, कमी होतात.

गडबडीत कुणाचंच नाव विचारलं नाही. मोगऱ्याला तीन कळ्या आल्यात, वांग्याशेजारी झेंडू वीतभर झालाय. मावशी, दादा, आजी, तुमचे मनापासून आभार.