तिचा हात अजून समुद्राकडेच

लंडन, रविवार

प्रिय सुध्या,

उत्तराला उशीर झाला, कारण तुझ्या प्रश्नापायी मला पुन्हा नॅशनल गॅलरीत जावं लागलं. मी पाठवलेलं, तिशियन या व्हेनिसच्या चित्रकाराच्या ‘बॅकस आणि अरिआड्नी’ या चित्राचं कार्ड बघून तू लिहिलंस, ‘टाकलेल्या बाईला देवानं पदरात घेतलं, एवढंच ना?’ एवढंच नाही रे.

ग्रीक पुराणातली ती गोष्ट तुला ठाऊक आहेच. अरिआड्नीनं दोरा दिला म्हणून थिसियस भूलभुलैयातून जिवंत सुटला, आणि तिलाच नॅक्सोस बेटावर झोपेत टाकून निघून गेला. तिशियननं फेराराच्या ड्यूकसाठी १५२० ते १५२३ मध्ये हे चित्र काढलं. थिसियसचं जहाज कार्डावर तुला दिसलंच नसणार. तिच्या खांद्यापाशी, लांब पाण्यावर, नखाएवढं शीड!

उजवीकडे मद्यदेव बॅकसच्या टोळीचा नुसता गोंगाट. झांजा वाजताहेत, एकानं अंगाला साप गुंडाळलेत, एक बकरपायाचा पोरगा वासराचं मुंडकं दोरीनं ओढत चाललाय. कुत्रं त्याच्यावर भुंकतंय आणि हा पठ्ठ्या थेट आपल्याकडे बघतोय. बॅकसनं रथातून उडी घेतलीय, पाय अजून अधांतरी. रोमन कवी ओव्हिडच्या काव्यात या रथाला वाघ आहेत, इथे चित्ते. तेही धन्याकडे लक्ष न देता एकमेकांकडे बघत उभे.

आणि ती? धड समुद्राकडे, हात समुद्राकडे, फक्त मान वळलेली. लोक याला पहिल्या नजरेतलं प्रेम म्हणतात. मला ती दचकलेली दिसते, आणि मनातून अजून त्या शिडामागेच. वर आभाळात आठ ताऱ्यांचा मुकुट बघ. बॅकस पुढे तिचा मुकुट आकाशात फेकणार, त्याचं नक्षत्र होणार. पण त्याची उडी पुरी व्हायच्या आतच तिशियननं तो वर टांगून ठेवलाय! म्हणजे तिचं काय होणार हे आपल्याला ठाऊक, चित्रकाराला ठाऊक. तिला मात्र कुणी विचारलेलंच नाही.

तरी निळा रंग तिच्या बाजूला आहे. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतल्या लाजवर्द दगडाचा निळा, व्हेनिसच्या बाजारात आलेला. १९६७-६८ मध्ये चित्र साफ केल्यावर तो इतका झळाळला, की काहींना भडकच वाटला. मला नाही वाटला.

तुझ्या पासपोर्टचं काय झालं? आलास की आधी तिच्या पायाशी बघ. पिवळ्या कापडावर कलश आहे, त्यावर तिशियनची सही आहे. मला ती तिसऱ्या खेपेला दिसली.

काकूंना नमस्कार.

तुझा,
विन्या