म्युझिक थेरपीची डिग्री निवडताना माझ्यासोबत राहिलेल्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव कुठे लिहू नको म्हणालात म्हणून नुसतं ताई लिहितेय. ऑफर लेटर आलं त्या रात्री तुम्ही लगेच फोन केलात पण मला धड बोलताच आलं नाही, आईचं मागून पेढे आणायचं चाललेलं, बाबा स्पीकरवर टाक म्हणत होते, त्या गडबडीत जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. ते आता इथे सगळ्यांसमोर लिहितेय. म्युझिक थेरपी, म्हणजे संगीताच्या मदतीने उपचार करणं, शिकायचीये म्हणणारी मुलं आपल्याकडे बरीच दिसतात हल्ली, पण कोर्स कसा निवडायचा हे सांगणारं माणूस मिळत नाही. मला तुम्ही, परदेशात स्वतः हेच काम करणाऱ्या, मिळालात आणि त्याची किंमत मला पुरेपूर कळतेय.

तर सप्टेंबरपासून केंब्रिज, अँग्लिया रस्किन युनिव्हर्सिटी, एमए म्युझिक थेरपी, दोन वर्षं फुल टाइम. टाइप करताना अजून छातीत धडधडतंय!

तुम्हाला पहिला मेसेज केला तेव्हा माझ्याकडे एक मोठी एक्सेल शीट होती, त्यात देश, फी, रँकिंग, हॉस्टेल, थंडी किती, सगळं होतं आणि मी तुम्हाला विचारलं की यातलं बेस्ट कुठलं. तुम्ही शीट उघडलीतच नाही. उलट मलाच विचारलंत, "डिग्री हातात आल्यावर पेशंटसमोर बसायची परवानगी तुला कोण देणार?" मला उत्तर माहीत नव्हतं आणि त्या शीटमध्ये तो कॉलमच नव्हता. मग तुम्ही शांतपणे समजावलंत की यूकेत म्युझिक थेरपिस्ट हे नाव कायद्याने राखलेलं आहे, एचसीपीसीकडे, म्हणजे आरोग्याच्या व्यवसायांची नोंदणी ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेकडे, रजिस्ट्रेशन नसताना ते नाव लावून काम करणं गुन्हा आहे, आणि रजिस्ट्रेशन हवं तर त्यांच्या मान्यतेच्या यादीतलाच कोर्स लागतो, ती यादी त्यांच्या साइटवर कुणालाही बघता येते. अमेरिकेत रस्ता वेगळा, तिथे अमेरिकन म्युझिक थेरपी असोसिएशनने मान्य केलेला कोर्स, इंटर्नशिप धरून किमान 1200 तासांचं क्लिनिकल ट्रेनिंग, मग बोर्डाची परीक्षा, ती पास झालीस की नावापुढे एमटी-बीसी, म्हणजे बोर्डाने प्रमाणित केलेली म्युझिक थेरपिस्ट. "आधी हे बघ, कॉलेजच्या बिल्डिंगचे फोटो नंतर बघ." ताई, माझी अर्धी शीट त्या एका संध्याकाळी रिकामी झाली आणि डोकं पण हलकं झालं.

हे किती महत्त्वाचं होतं ते नंतर कळलं. इथल्या एका कन्सल्टंटने मला एक कोर्स जवळजवळ गळ्यातच मारला होता, नावात म्युझिक होतं, वेलबीइंग होतं, ब्रोशर एकदम चकाचक, सीट लगेच मिळेल, डिपॉझिट या आठवड्यात भरा. मी यादी उघडली, त्यात तो कोर्स नव्हता. म्हणजे दोन वर्षं घालवून, बाबांचे पैसे घालवून, मला यूकेत म्युझिक थेरपिस्ट म्हणून काम करता आलं नसतं. अशा मुलांचे फोन तुम्हाला येतात असं तुम्ही म्हणाला होतात, कोर्स संपल्यावर येतात. मला तो फोन कोर्सच्या आधी करता आला हे तुमच्यामुळे.

अमेरिकेचं पण तुम्ही सरळ नाही म्हटलं नाहीत. माझं बीए सायकॉलॉजीचं, गाण्यात विशारद. तुम्ही म्हणालात की तिकडे मास्टर्सला जायचं तर बऱ्याच ठिकाणी म्युझिकची बॅचलर्स धरूनच चालतात, आणि विशारदला ते त्या जागी धरतीलच असं नाही, मग वेस्टर्न थिअरी, पियानो, पाश्चात्त्य संगीताचा इतिहास असे विषय आधी भरून काढावे लागतात आणि ते धरलं की वेळ आणि पैसा कुठल्या कुठे जातो. ज्यांना अठराव्या वर्षीच ठरवता येतं त्यांच्यासाठी तिथली बॅचलर्स फार चांगली, असंही सांगितलंत. म्हणजे देश चांगला वाईट असं नसतं, आपण आत्ता कुठे उभे आहोत त्यावर आहे.

भारतातलंही तुम्ही झटकलं नाहीत याचं मला विशेष वाटलं. परदेशात गेलेली बरीच मंडळी "तिकडे काही नाही गं" म्हणून मोकळी होतात. तुम्ही मला पुद्दुचेरीच्या श्री बालाजी विद्यापीठाबद्दल सांगितलंत, तिथे मेडिकल कॉलेजच्या आवारातच म्युझिक थेरपीचं केंद्र आहे, दिल्लीच्या द म्युझिक थेरपी ट्रस्टच्या पीजी डिप्लोमाबद्दल सांगितलंत, आणि म्हणालात की पुढे भारतातच काम करायचं असेल तर इथल्या पेशंटबरोबर, इथल्या भाषेत शिकणं ही काही कमी गोष्ट नाही. मी पुद्दुचेरीचा खरंच सिरियसली विचार केला. शेवटी ठरलं ते तुमच्याच दुसऱ्या एका प्रश्नामुळे, की तुला कुणाबरोबर काम करायचंय? मुलं, मेंटल हेल्थ, स्ट्रोक, डिमेन्शिया म्हणजे विस्मरणाचा आजार? मी म्हणलं म्हातारी माणसं. मग तुम्ही होमसाइडबद्दल वाचायला सांगितलंत. पाच देशांत झालेला अभ्यास, त्यात डिमेन्शिया झालेल्या माणसाची घरी काळजी घेणाऱ्यालाच थेरपिस्ट संगीत कसं वापरायचं ते शिकवतो, आणि यूकेमधलं काम अँग्लिया रस्किनच्या केंद्रातून झालेलं. ते वाचताना मला आपल्याकडची घरंच दिसत होती. आपल्याकडे आजी आजोबा घरीच असतात, त्यांचं सगळं सून किंवा मुलगी करते, तिला ना सुट्टी ना ट्रेनिंग ना कुणी विचारायला. तिच्या हातात काहीतरी देता आलं पाहिजे. त्या दिवसापासून मला कुठे जायचंय यात शंका राहिली नाही.

बाबांशी बोललात त्याचे आभार तर वेगळेच मानायला हवेत. बाबांचं एकच चाललेलं, हे नवीन फॅड आहे, आज आहे उद्या नाही. तुम्ही त्यांना काही पटवायला गेला नाहीत, फक्त सांगितलंत की दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन आलेल्या सैनिकांच्या हॉस्पिटलमध्ये गाणारे वाजवणारे जायला लागले, त्याचा उपयोग दिसला पण नुसतं वाजवता येऊन भागत नाही हेही दिसलं, म्हणून शिक्षण सुरू झालं, अमेरिकेत मिशिगन स्टेटच्या कॉलेजात 1944 साली पहिला अभ्यासक्रम, आणि लंडनच्या गिल्डहॉल या संगीत-नाट्य शाळेत 1968 पासून शिकवतात. बाबा बँकेतले, त्यांना सालं दिली की बरं वाटतं. मग तुम्ही गॅबी गिफर्ड्सचं सांगितलंत, अमेरिकेच्या तेव्हाच्या खासदार, 2011 मध्ये डोक्यात गोळी लागली, बोलणं गेलं, आणि शब्द परत आणताना स्पीच थेरपीच्या जोडीला म्युझिक थेरपी होती. बोलण्याचा भाग मेंदूत मुख्यतः डाव्या बाजूला, गाणं मात्र दोन्हीकडे पसरलेलं, त्यामुळे बोलता न येणारा माणूस कधी कधी ओळ गाऊ शकतो आणि त्या गाण्याचा हात धरून परत बोलण्याकडे यायचं असतं. बाबा फोन ठेवून बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, यांचं काम मोठं आहे. फीबद्दल त्यानंतर घरात वाद झाला नाही.

आईचा प्रश्न वेगळा होता. कोर्स चालू असताना विद्यार्थ्याने स्वतः थेरपी घ्यायची, ही अट वाचून ती घाबरली, तुला काय झालंय म्हणून तुला पाठवायचं थेरपीला? तुम्ही तिला म्हणालात, वहिनी, रोज दुसऱ्याचं दुःख ऐकायचंय हिला, त्यात आपलं कुठलं आणि त्यांचं कुठलं हे कळायला नको का, डॉक्टर हात धुतात तसंच समजा. आईने ते इतकं मनावर घेतलं की आता तीच नातेवाइकांना समजावत असते.

आणि आता ती वाटी. ताई, ती व्हॉइस नोट मी डिलीट केलेली नाही. तुम्ही वाटीवर चमचा वाजवून पाठवला होता, अगदी वेडावाकडा, मध्येच थांबणारा, मध्येच पळणारा, आणि खाली लिहिलं होतं, यावर गाऊन पाठव. मी विशारद झालेली मुलगी, आयुष्यभर सम सांभाळायची शिकवण. मी छान मध्यलय केरवा मनात धरला आणि गाऊन पाठवलं. तुमचं उत्तर आलं, "गोड गायलीस, पण चमचा वाजवणारा माणूस कुठे गेला? त्याला तालात आणू नकोस, तू त्याच्याकडे जा." मग मी ती नोट नुसती ऐकत बसले. ऐकता ऐकता लक्षात आलं की थांबायच्या आधी चमचा दर वेळी जरा हळू होतोय, म्हणजे दमतोय. मग मी फक्त तिथे एक सूर धरला, तो थांबला की मी थांबले, तो निघाला की त्याच्या मागून निघाले. पुढच्या नोटमध्ये तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, परत वाटी वाजवून पाठवलीत, आणि या वेळी त्या चमच्यात मला थोडी मस्ती ऐकू आली. म्युझिक थेरपी म्हणजे काय याची कितीतरी व्याख्या वाचल्या होत्या, पण मला ती कळली ती तिथे.

त्याआधी मी पण त्या राग चिकित्सेच्या फॉरवर्डमधलीच होते, अमक्या रागाने बीपी उतरतं, तमक्याने झोप लागते. रागांबद्दल तुमचं प्रेम माझ्याइतकंच आहे, पण तुम्ही विचारलंत की ज्याने आयुष्यात दरबारी ऐकला नाही त्याला तो औषधासारखा कसा देणार? समोरच्या माणसाच्या आठवणीत काय आहे ते आधी शोधायचं, डिमेन्शियात तर तरुणपणी ऐकलेली गाणी सगळ्यात जास्त टिकून राहतात. तुम्ही स्वतः सांगलीच्या, कीर्तनं ऐकत वाढलेल्या, आणि परदेशातल्या तुमच्या पेशंट आजोबांसाठी चर्चमधली हिम्स आणि त्यांच्या जमान्यातली गाणी पाठ केलीत, उच्चारासकट. हे ऐकल्यावर मी त्याच आठवड्यात गिटार घेतली. तीन कॉर्ड्सवर जात्यावरच्या ओव्या बसवल्या, तुम्हाला पाठवल्या, तुम्ही म्हणालात बोटं दुखतायत ते ऐकू येतंय, चालू ठेव.

स्पेशल स्कूलमध्ये आधी जाऊन बस, हाही तुमचाच आग्रह. "फॉर्म भरायच्या आधी स्वतःला विचार की तुला हे काम आवडतं, की हे काम करणारी 'मी' आवडते." तिथे एक मुलगा होता, तबला निघाला की कान झाकायचा. मी तबला बाजूला ठेवला, तो स्वतःशी एक आवाज करायचा, म्म् म्म् असा, तोच मी त्याच्या पट्टीत हळूच परत केला. बऱ्याच वेळाने त्याने कानावरचा एक हात काढला. एकच. तिथल्या बाई म्हणाल्या आज पुरे, आणि त्यांचं बरोबर होतं. घरी येऊन तुम्हाला लांबलचक मेसेज लिहिला तर तुमचं उत्तर, "आता हे सगळं तारीख टाकून चार ओळीत लिही, काय केलंस, तो काय करत होता, काय बदललं. तुला काय वाटलं ते वेगळ्या वहीत." त्या वह्या इंटरव्ह्यूला इतक्या कामाला आल्या म्हणून सांगू. ऑनलाइन होता, गाऊन झालं, गिटार झाली, इम्प्रोव्हायझेशन झालं, मग त्यांनी बराच वेळ विचारलं ते याच कामाबद्दल, आणि माझ्याकडे सांगायला खरं काहीतरी होतं.

तुमची ड्यूटी, तुमची मुलं, तिकडची आणि इकडची वेळ, यातून तुम्ही एका अनोळखी मुलीसाठी एवढं केलंत. पैशाचं विचारलं तर रागावलात. माझ्यासाठी निर्णय घेतला नाहीत, पण एकटीला घ्यायलाही लावला नाहीत. मनापासून, अगदी मनापासून आभार.

अजून दोन गोष्टी. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणू की ॲपवर भागेल तिकडे, ते सांगा, बॅग भरायला घेतलीये. आणि माझ्या गाण्याच्या क्लासमधल्या दोघीजणी हाच कोर्स करायचा म्हणतायत, एक बारावीला आहे, एक फिजिओथेरपी करतेय. यादी आणि ते दोन प्रश्न मी त्यांना आधीच सांगितलेत, वाटीसुद्धा वाजवून पाठवलीये. तुमचा नंबर देऊ का? तुम्ही हो म्हणालात तरच देईन.

तुमची,
पुण्याची गाणारी