चाकं, हवा आणि तीन हिरवे दिवे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. उतरताना टायर फुटला तर विमान उलटतं का, असं तू विचारलंयस. सहसा नाही. मुख्य गिअरच्या, म्हणजे पंखांखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या, प्रत्येक पायाला दोन किंवा चार चाकं असतात, काही मोठ्या विमानांत सहा. एक टायर गेला की शेजारचा त्याचा भार उचलतो. विमान त्या बाजूला ओढ घेतं, आणि वैमानिक रडर (शेपटीवरचं सुकाणू) व पलीकडच्या पायाचे ब्रेक वापरून ते धावपट्टीच्या मध्यरेषेवर धरतो. टायरच्या चिंध्या फ्लॅप्सवर (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांवर) किंवा हायड्रॉलिकच्या, म्हणजे दाबाखालच्या तेलाच्या, नळ्यांवर आपटल्या तर नुकसान होतं, पण विमान थांबतं.

मात्र शेजारचा टायर भार उचलतो, याच सोयीत घात लपलेला आहे. एअरबस ए-320 किंवा बोइंग 737 या प्रवासी विमानांच्या मुख्य टायरात साधारण 200 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब असतो. एका आसावरच्या दोनांपैकी एकाची हवा बरीच उतरली तरी जोडीदार विमान तोलून धरतो, आणि मऊ टायर डोळ्यांना तितकाच गोल, तितकाच ताठ दिसतो. म्हणून लाथ मारून किंवा नुसतं बघून काही कळत नाही, दाब मोजायचा गेजच लावावा लागतो. तोही टायर थंड असताना, म्हणजे विमान उतरल्यावर निदान दोन-तीन तासांनी. गरम टायरचा दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडली, तर थंड झाल्यावर तो टायर कमी दाबाचा ठरतो.

मोजल्यावर काय करायचं, याचा टायर कंपन्यांचा हिशेब साधारण असा असतो. ठरलेल्या दाबाच्या 95 ते 100 टक्के असेल तर भरून घ्या. 90 ते 95 असेल तर भरा, नोंद करा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच उतरला तर चाक काढा. 80 ते 90 असेल तर चाक काढाच. 80 च्या खाली गेला असेल तर ते चाक आणि त्याच आसावरचं जोडीचं चाक, दोन्ही काढा. जोडीचं कशाला, तर त्याने दोघांचा भार वाहिलेला असतो. आतून तो किती दुखावलाय, हे बाहेरून दिसत नाही. तापमानाचाही हिशेब धरावा लागतो. दर 3 अंश सेल्सिअसला दाब सुमारे 1 टक्का बदलतो, म्हणजे इथून 30 अंश थंड ठिकाणी गेलेल्या विमानाचा दाब तिथे दहा टक्क्यांनी कमी भरेल.

हे कोष्टक पाळलं नाही तर काय होतं, ते 11 जुलै 1991 ला जेद्दाहमध्ये दिसलं. नायजेरिया एअरवेजसाठी उडणारं एक डीसी-8 जातीचं जेट विमान होतं. टायरांची हवा कमी आहे हे तंत्रज्ञांना माहीत होतं, पण भरायला नायट्रोजन लगेच मिळेना आणि वेळापत्रक चुकवायचं नव्हतं. विमान धावायला लागल्यावर जास्तीचा भार वाहणारा एक क्रमांकाचा टायर आधी गेला, मग दोन क्रमांकाचा. दोन क्रमांकाचं चाक फिरायचं थांबलं, धावपट्टीवर घासत गेलं, आणि उरलेल्या रबराने पेट घेतला. कॉकपिटमध्ये आगीचा पत्ता नव्हता. उड्डाण झाल्यावर नेहमीप्रमाणे गिअर वर घेतला गेला, म्हणजे जळतं चाक विमानाच्या पोटात गेलं. 261 माणसं गेली. माझ्या मते चाकांच्या साऱ्या अपघातांत हा सर्वांत टाळता येण्याजोगा होता. एक गेज, एक नायट्रोजनची बाटली आणि तासा-दोन तासांचा उशीर, एवढंच लागत होतं.

नायट्रोजनच का, असंही तू विचारशील. साध्या हवेत ऑक्सिजन असतो. ब्रेक चिकटून चाक तापलं की टायरच्या आतल्या रबरातून वायू सुटतात, आणि ऑक्सिजनशी मिळून त्यांचा स्फोट होऊ शकतो. 31 मार्च 1986 ला मेक्सिकाना कंपनीच्या बोइंग 727 मध्ये हेच घडलं. टायरात नायट्रोजनऐवजी हवा होती, ब्रेक तापला होता, आणि तो टायर चाकाच्या खोबणीत, भर आकाशात फुटला. इंधनाच्या आणि हायड्रॉलिकच्या नळ्या तुटल्या, आग लागली, 167 जण गेले. आता टायरातला ऑक्सिजन 5 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नसतो.

उतरताना टायर फुटण्याची कारणं आणखी वेगळी. जमिनीला टेकण्याआधी चाक स्थिर असतं आणि टेकताच क्षणभरात ताशी अडीचशे किलोमीटरपर्यंत फिरू लागतं. तुला दिसतो तो धूर त्याचाच, त्यात काळजीचं काही नाही. पण टेकताना ब्रेक आवळलेला असेल किंवा अँटी-स्किड (चाक अडकून घसरू न देणारी यंत्रणा) बिघडलेलं असेल, तर चाक न फिरता घासतं, एकाच जागी चपटं होतं आणि तिथेच फुटतं. ओल्या धावपट्टीवर टायर पाण्यावर तरंगायला लागतो. तो वेग काढायची सोपी रीत आहे. दाबाचं वर्गमूळ काढून 9 ने गुणायचं, उत्तर नॉटमध्ये (विमानाच्या वेगाच्या एककात) येतं. 200 पीएसआयला ते सुमारे 127 नॉट भरतं, म्हणजे उतरण्याच्या वेगाच्या अगदी जवळ. दाब कमी असेल तर टायर त्याहून कमी वेगालाही तरंगतो.

आता पायांकडे येतो. पाय खाली येऊन कुलूपबंद झाले की कॉकपिटमध्ये तीन हिरवे दिवे लागतात. 28 डिसेंबर 1978 ला अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड कंपनीच्या डीसी-8 मध्ये त्यातला एक लागला नाही. उजवा पाय धाडकन खाली पडला होता. तो वर-खाली करणाऱ्या सिलिंडरचा दांडा ज्या आट्यांमध्ये बसतो, ते आटे ओलाव्याने गंजून सुटले होते. त्या धक्क्यात दिव्याचा स्विच तुटला. पाय खरं तर खाली होता. वैमानिक तासभर घिरट्या घालत त्याची खात्री करत राहिले, इंधन संपलं, विमान कोसळलं आणि दहा जण गेले. गंमत नाही सांगत, 2007 च्या सप्टेंबरात एसएएस या कंपनीच्या डॅश-8 क्यू-400 या पंख्याच्या विमानांचे उजवे पाय तीन दिवसांत दोनदा, ऑलबोर्गला आणि विल्नियसला, कोसळले, आणि कारण तेच होतं, दांड्याच्या आट्यांतला गंज. ऑक्टोबरात कोपनहेगनला तिसरं विमान तसंच बसलं. तिथे एक भरकटलेली ओ-रिंग (रबरी कडी) तेलाच्या छिद्रात अडकली होती. तिन्हींत कुणाचा जीव गेला नाही. ऑलबोर्गला मात्र पंख्याच्या पात्याचे तुकडे केबिनमध्ये घुसले होते. म्हणून कोपनहेगनला उतरण्याआधीच उजवं इंजिन बंद केलं गेलं. ही शहाणी तयारी मला फार महत्त्वाची वाटते.

हायड्रॉलिक गेलं तरी पाय खाली आणायची दुसरी सोय असतेच. 737 मध्ये कॉकपिटच्या जमिनीत एक झाकण असतं, त्याखाली प्रत्येक पायासाठी एक अशा तीन मुठी ओढायच्या. ए-320 मध्ये एक दांडा तीन फेरे फिरवायचा, मग पाय स्वतःच्या वजनाने पडतात. 767 मध्ये मात्र हे काम विजेची मोटर करते. 1 नोव्हेंबर 2011 ला पोलंडमध्ये वॉर्सॉला एलओटी या कंपनीच्या 767 चं हायड्रॉलिक गळून गेलं होतं आणि मोटरही चालेना, कारण एक सर्किट ब्रेकर (वीज तोडणारं बटण) बाहेर आलेला होता. विमान पोटावर उतरलं आणि 231 जण सुखरूप बाहेर पडले. नंतर विमान उचलून तो ब्रेकर आत दाबला, तर पाय खाली आले!

चाकांत बिघाड झाल्यावर विमान घिरट्या का घालत राहतं, हा तुझा शेवटचा प्रश्न. वजन कमी झालं की टेकण्याचा वेग कमी होतो आणि जळायला इंधनही कमी उरतं. ए-320 ला इंधन हवेत सोडता येत नाही, ते जाळावंच लागतं. 21 सप्टेंबर 2005 ला जेटब्लूच्या ए-320 चं पुढचं चाक 90 अंश आडवं झालं होतं. त्यांनी सुमारे तीन तास इंधन जाळलं, मग लॉस एंजेलिसला मागच्या पायांवर टेकून नाक शक्य तितका वेळ वर धरलं. पुढचे टायर जळून गेले, चाकाची कड घासून सपाट झाली, पण 146 पैकी एकालाही इजा झाली नाही.

असा प्रसंग कधी तुझ्यावर आला आणि घसरगुंडीवरून उतरावं लागलं, तर बॅग वरच राहू दे आणि चाकांच्या बाजूला अजिबात जाऊ नकोस. तापलेलं चाक फुटलं तर तुकडे आसाच्या दिशेने, म्हणजे दोन्ही बाजूंना उडतात. अग्निशमनवालेसुद्धा त्याच्याकडे समोरून किंवा मागून जातात. विमान थांबल्यानंतरही ब्रेक दहा-पंधरा मिनिटं तापतच राहतात. अति तापल्यावर टायर फुटू नये म्हणून चाकात फ्यूज प्लग असतात. ते वितळून हवा सोडून देतात, तेव्हा टायर फुसकन बसला तर घाबरू नकोस, प्लगने आपलं काम केलंय असं समज.

पुढच्या पत्रात ब्रेकबद्दल विचारणार आहेस ना? वाट बघतो.

तुझा,
मित्र