लाल पट्ट्यातला ठिपका

महोदय,
माझ्या भाचीच्या लेकीच्या चौथ्या गुणसूत्राचा एक तुकडा जन्मतःच गळालेला आहे. वुल्फ-हिर्शहॉर्न सिंड्रोम म्हणतात त्याला. पोर अडीच वर्षांची, दिसते जेमतेम वर्षाची. अंगणवाडीत वजन केलं की तक्त्यावरचा ठिपका लाल पट्ट्यात, आणि चार बायकांदेखत आईला प्रश्न : ‘खाऊ घालता की नाही?’ अहो, वाटीभर मऊ वरणभात भरवायला तिला तास लागतो!

अंगणवाडीतला तक्ता जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मानकांवरचा, निरोगी बाळांवर बेतलेला. या विकारासाठी, तसेच टर्नर (मुलींमध्ये एक X गुणसूत्र नसणं किंवा अपुरं असणं) आणि डाऊन सिंड्रोमसाठी वेगळे वाढतक्ते आहेत. त्यावर मूल आपल्या रेषेवरून खरंच घसरलं, तर थायरॉइड, हृदय, गिळण्याचा त्रास शोधता येतो.

टर्नरच्या मुली तर ‘आजीवर गेली, बुटकीच राहणार’ म्हणून निदानातून सुटून जातात. कॅरिओटाइप ही गुणसूत्रं पाहणारी रक्ततपासणी वेळेत झाली, तर ग्रोथ हार्मोनने उंचीत फरक पडतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं मुलांच्या तपासणीसाठी अंगणवाड्यांत येतातच. नागपूर जिल्ह्यातल्या पथकांना हे तक्ते द्यावेत, आणि आईची झडती चारचौघांत घेऊ नये.

– एक वाचक, महाल, नागपूर