पिल्लासोबत वहीचा कागद देणाऱ्या आबांना

आदरणीय आबा आणि काकू,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारचौघांनी वाचावं म्हणून उघड लिहितेय, पण तुमचं नाव-गाव त्यात घालत नाही. "नंबर वाटत बसू नका, दारात गर्दी नको," असं तुम्हीच बजावलं होतं. जत तालुक्यातलं एक कोरडवाहू शेत आणि तिथली कारवान कुत्री, म्हणजे आपल्याकडची सडपातळ, वेगानं पळणारी शिकारी जात, एवढंच सांगते. तुमच्याकडून आणलेल्या हरणीला फिरायला नेलं की सांगलीत रस्त्यावर लोक थांबतात, कुठून आणली म्हणून विचारतात. त्यांना जातीबद्दल ऐकायचं असतं. मला मात्र तुमच्याबद्दल सांगायचं असतं, आणि ते रस्त्यावर उभ्या उभ्या सांगून होत नाही.

गोटूबद्दल त्या दिवशी मला तुमच्यासमोर धड बोलता आलं नाही, म्हणून आज लिहिते. गोटू आमचं लॅब्रेडॉरचं पिल्लू. एका दलालाकडून घेतलेलं. त्यानं हायवेवरच्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये खोक्यातून आणून दिलं. आई बघायची आहे म्हटलं तर "फार्म लांब आहे." वय विचारलं तर "पंचेचाळीस दिवस पूर्ण." या धंद्यात हा आकडा सगळे असाच फेकतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, म्हणजे ते पंचेचाळीस दिवस खरे असते तरी बेकायदाच होते. आणि ते खरेही नव्हते. आमच्या डॉक्टरांनी गोटूचे दात पाहिले आणि म्हणाले, जेमतेम महिन्याचं आहे हे. लसीच्या कार्डावर तारीख होती, शिक्का होता, पण डॉक्टरची सही नव्हती आणि लसीच्या बाटलीवरचं स्टिकरही नव्हतं. केनेल क्लब ऑफ इंडियाचा जातीच्या नोंदणीचा कागद "चेन्नईहून येतोय" असं सांगितलं होतं. तो आलाच नाही.

त्याला पार्व्हो झाला, पिल्लांचा जीव घेणारा विषाणूचा आजार. उलट्या, रक्ताची हगवण, सलाईन. आठवडाभरसुद्धा तो आमच्या घरात राहिला नाही. पार्व्होची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला काही दिवस जातात. तो आजार घेऊनच आला होता हे त्यावरूनच दिसत होतं. दलालाला फोन केला तर म्हणाला, "तुमच्याकडं पाणी बदललं असंल." मग म्हणाला, दुसरं निम्म्यात देतो. त्यानंतर फोन बंद. आपण विकलेला जीव मेला हे कळल्यावर माणूस निम्म्या किमतीचं बोलतो, याचा संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जाऊही नये असं मला वाटतं.

पुढे डॉक्टरांनीच तुमचं नाव सुचवलं. पहिल्या फोनला मी किंमत विचारली आणि तुम्ही ती सांगितलीच नाही. उलट मलाच विचारत राहिलात. दिवसभर घरी कोण असतं? साखळीला बांधणार का? पळायला जागा आहे का? राखणीला पाहिजे का, कारण कारवान परक्या माणसाला अंगाला हात लावू देत नाही, पण म्हणून तो राखणीचाच असं नाही. ससा धरायला नेणार असाल तर आत्ताच फोन ठेवा, असंही म्हणालात. १९७२ च्या कायद्यानं सशाची शिकार गुन्हा आहे, तरी या कुत्र्यांच्या मागे लोक त्यासाठीच लागतात, हे मला तेव्हा तुमच्याकडून कळलं. मी विसार पाठवते म्हटलं तर तुम्ही नको म्हणालात. "विसार घेतला की मी बांधला गेलो. मग तुमचं घर नाही पटलं तर मी नाही कसं म्हणू?" विकणाराच विसार नाकारतो, हे माझ्या ऐकिवात नव्हतं.

आम्ही आलो तेव्हा आधी पिल्लाची आई दाखवलीत. ती लांबूनच आमच्याकडे बघत उभी होती आणि तुम्ही म्हणालात, तिला येऊ द्या, तुम्ही जाऊ नका. अर्धी दुपार आम्ही बाजेवर बसून काकूंच्या हातचं ताक पीत होतो, तोवर पिल्लं मधे आलीच नाहीत. मागची वीण कधी झाली, पुढची का घेणार नाही, हे तुम्ही न विचारता सांगितलंत. एक वीण झाली की तिला विसावा, आणि वय झालं की बंदच. नियमातही हेच आहे. तुम्ही मात्र ते तिच्या पाठीवरून हात फिरवत सांगत होतात.

आणि मग गोटूचा विषय निघाला. पार्व्हो म्हटल्याबरोबर तुम्ही थांबलात. तो विषाणू जमिनीत, फटीत, पायपुसण्यात महिनोन्‌महिने टिकतो, नुसत्या फिनाईलनं जात नाही, ब्लीचनं फरशी धुवा, जुनं अंथरूण जाळून टाका, असं सांगितलंत. आणि पिल्लू त्या दिवशी दिलं नाहीत. आईच्या चिकातून आलेलं बळ कधी उतरतं हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून लसीचे डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. ते पुरे होईपर्यंत हरणी तुमच्याकडेच राहिली. तिचं खाणं, डॉक्टर, सगळं तुम्ही केलंत आणि त्याचा एक रुपया वर घेतला नाहीत. माझा मुलगा गाडीत रडत होता. पण आबा, ते रडणं वेगळं होतं. पिल्लू जपलं जातंय हे त्याला कळत होतं.

तरी माझ्या मनात सगळ्यात खोल गेला तो कागद. हरणीला न्यायला आलो त्या दिवशी पैसे मोजून झाले, कार्ड मिळालं, स्टिकर आणि सही असलेलं. आम्ही उठणार इतक्यात तुम्ही नातीला हाक मारलीत. तिनं शाळेच्या वहीचं पान फाडलं, तुम्ही सांगत गेलात आणि ती लिहीत गेली. "ही कुत्री कुठल्याही वयात, कुठल्याही कारणाने नको झाली तर बाहेर सोडू नये. दुसऱ्याला देऊ नये. मला कळवावे. मी येऊन घेऊन जाईन." खाली तुमची सही. मला वाटलं, आमच्याकडून काही लिहून घ्याल. तसं काही नाही, सही फक्त तुमचीच. लिहून दिलंत ते तुम्हीच, आणि ते आमच्या हातात ठेवलंत.

सांगलीला येईपर्यंत तो कागद माझ्या हातात होता. मुलानं तो मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "म्हणजे ती आबांची पण आहे का अजून?" मी हो म्हटलं. सासूबाईंचा या सगळ्याला विरोध होता. गोटूनंतर परत रडायचं बळ नाही म्हणत होत्या. त्यांनी तो कागद वाचला आणि घराच्या कागदपत्रांच्या फाईलमध्ये ठेवला, खरेदीखताच्या शेजारी. त्या रात्रीपासून हरणी त्यांच्या खाटेखाली झोपते.

पैसे घेतले की संपलं, हा सगळीकडचा शिरस्ता. पुण्या-मुंबईतल्या प्राण्यांच्या निवाऱ्यांमध्ये जातिवंत कुत्री येऊन पडतात. हौस फिटली, बदली झाली, बाळ झालं, अशी कारणं असतात. तिथे प्रत्येकाच्या मागे कोणीतरी विकणारा असतो आणि त्याला ते कधीच कळत नाही, कळून घ्यायचंही नसतं. तुमच्या शेतावर पाटी नाही, वेबसाइट नाही, इंग्रजी नावाचं केनेल नाही. पण जन्माला घातलेल्या प्रत्येक पिल्लाचं तुम्ही आयुष्यभराचं देणं लागता असं मानता. अशी माणसं आहेत म्हणून मी कुणावर तरी पुन्हा विश्वास ठेवू शकले, हे मला तुम्हाला सांगायचं होतं.

आणखी एक. हरणीचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तुम्ही स्वतःहून फोन करून म्हणालात, "या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते, भुलीचं औषध जपून द्यायला सांगा डॉक्टरांना." डॉक्टर म्हणाले, अगदी बरोबर, काही औषधं या अंगकाठीच्या कुत्र्यांना फार वेळ उतरत नाहीत. त्यांनी तसं जपलं. हरणी संध्याकाळी आपल्या पायांनी गाडीत चढली.

आता तिचं वजन छान भरलंय, तरी बरगड्या दिसतात. शेजारी म्हणतात, खायला घालत नाही का? मी सांगते, आबा म्हणाले कारवान असाच दिसतो. पुढच्या महिन्यात तिची वर्षाची लस आहे. कार्डाचा फोटो नातीच्या फोनवर पाठवते, तिच्याकडून बघून घ्या. सुगीला हुरडा असेल तर कळवा, हरणीला घेऊन येतो. तिच्या आईला भेटवायचं आहे.

तुमची,
हरणीच्या घरची सगळी
सांगली