ठिपक्याएवढ्या तळ्यांसाठी मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : सातारा शहरातील जुन्या तळ्यांची पाणथळ म्हणून नोंद होणेबाबत

महोदय, सप्रेम नमस्कार.

कृष्णा-वेण्णेचा संगम खाली माहुलीला आणि आमचे गाव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर. मराठ्यांची राजधानी इथे वसली तेव्हा पाणी डोंगराकडूनच आणावे लागले. यवतेश्वराच्या पायथ्याचा महादरे तलाव, तिथून खापरी नळ, गावात हौद आणि तळी. पुढे इंग्रजी अमदानीत कास तलावाचे पाणी पाटाने आले. सगळा उताराचा कारभार. मंगळवार तळे, मोती तळे, फुटका तलाव ही नावे आता बहुधा रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरतीच उरली आहेत.

तरी आमच्या पेठेतले तळे अजून जिवंत आहे. दगडी पायरीवर ढोकरी बसलेली असते, इतकी मातकट की दगडात मिसळून जाते. उडाली की एकदम पांढरेशुभ्र पंख. विजेच्या तारेवर खंड्या.

आता अडचण सांगतो. २०११ च्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात सव्वादोन हेक्टरांवरच्या २,०१,५०३ जागा रेखल्या गेल्या. त्याहून लहान ५,५५,५५७ जागांच्या वाट्याला नुसता ठिपका आला. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये संरक्षण दिले ते पहिल्या गटाला. त्याच वर्षीच्या पाणथळ नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेले जलाशय व्याख्येतूनच वगळले. म्हणजे पेठेतले तळे दोन्हीकडून बाद. पूर्वजांनी प्यायचे पाणी साठवले, हाच बहुधा गुन्हा!

तळ्यात विसर्जन होणाऱ्या प्लास्टरच्या मूर्तींबद्दल केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यावर नव्याने लिहीत नाही. मला धास्ती आहे ती सुशोभीकरणाची. रेलिंग, रंगीत दिवे, कारंजे, शिवाय तळाला काँक्रीट. फोटो छान येतो. पण काँक्रीटमधून पाणी मुरत नाही, की काठाला गवताची काडी उगवत नाही.

मागणी एवढीच, की राज्याने सव्वादोन हेक्टरांखालच्या ऐतिहासिक तळ्यांची स्वतंत्र यादी करावी. त्यात तळ्याच्या क्षेत्रफळाबरोबर पाणी येण्याची वाट आणि सांडव्याची वाटही नोंदवावी, आणि ती शहराच्या विकास आराखड्यात दाखवावी. वाट बुजली की तळ्यात येते ते फक्त गटाराचे पाणी.

मोजणीची माणसे मात्र उन्हाळ्यात पाठवू नका. आषाढात पाठवा; डोंगराचे पाणी कुठून उतरते ते तेव्हाच दिसते. आम्ही पेठेतली माणसे छत्र्या घेऊन बरोबर येऊ.

आपला,
मंगळवार पेठेतील एक रहिवासी, सातारा