आजीच्या ओव्या कापडावर उतरल्या: शहापूरच्या छपाईवाल्या काकांना जाहीर आभार पत्र

आदरणीय काका यांस,
सादर नमस्कार.

माझ्या आजीच्या ओव्यांची वही कापडावर छापून ती तिच्याच शहापुरी लुगड्यांच्या वाकळीत बसवण्याचे काम या पावसाळ्यात पुरे झाले. ते आपल्यामुळे झाले हे चारचौघांना कळावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. कापडी पिशव्यांवर स्क्रीन छपाई (जाळीच्या चौकटीतून रंग उतरवणे) करणे हा आपला व्यवसाय असल्यामुळे माझे काम आपण सहज अंगावर घेऊ शकला असता. पण आपण वही शांतपणे चाळलीत आणि म्हणालात, "एकेका पानाला वेगळी स्क्रीन काढायची म्हणजे पैसे घालवायचा उद्योग की! घरात प्रिंटर आहे न्हवं? मग घरीच छापा, मी सांगतो." दारात आलेले गिऱ्हाईक परत पाठवून वर त्याला काम शिकवणारी माणसे फार थोडी असतात.

"हे धुणार काय?" हा आपला पहिला प्रश्न होता आणि पुढचे सगळे त्याच्यावर ठरले. मला अनेकांनी ट्रान्सफर पेपर, म्हणजे छापून मग इस्त्रीने कापडावर उतरवायचा कागद, सुचवला होता. पण त्याचा पातळ पापुद्रा कापडावर बसतो, हाताला कडक लागतो आणि धावदोरा घालताना सुईची भोके त्यात तशीच राहतात, हे आपण एका जुन्या तुकड्यावर टाके घालून दाखवलेत. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने शाईची वाफ करून ती धाग्यात उतरवण्याची छपाई, सुती कापडावर टिकत नाही, त्याला पॉलिएस्टर लागते, म्हणून तोही विषय तिथेच संपला.

शाईबद्दल आपण जे समजावलेत, त्यासाठी मी सर्वांत अधिक ऋणी आहे. मी नेलेल्या छापील चिंधीवर आपण ओल्या कापसाचा बोळा दाबलात, तेव्हा निळा रंग भराभर पसरला आणि त्याच्या शेजारचे काळे अक्षर मात्र जागचे हलले नाही. डाय शाई पाण्यात विरघळलेली असते, त्यामुळे ओल लागताच ती पुन्हा वाहते. पिगमेंट शाईतले रंगकण विरघळत नाहीत, ते धाग्यांना धरून राहतात. अनेक इंक टँक प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत शाया डायच्या असतात, आणि माझाही प्रिंटर त्यांतलाच निघाला. तरीही सेटिंगमध्ये फोटो पेपर निवडला, तर असे प्रिंटर रंगीत शाया मिसळूनच काळा रंग तयार करतात आणि तो पहिल्या धुण्यात उतरतो; म्हणून साधा कागद आणि ग्रेस्केल (फक्त काळ्या-करड्या छटा) हेच निवडायचे, हा बारकावा मला दुसऱ्या कोणी सांगितला नव्हता. मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्याने ही शाई पक्की होत नाही आणि सोडा ॲश (धुण्याचा सोडा) हा धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रिॲक्टिव्ह रंगांसाठी असतो, हेही आपण स्पष्ट सांगितल्यामुळे माझे बरेच कापड वाचले.

कापडाची तयारी मी आपल्या सांगण्याबरहुकूम केली. दाट विणीचे पांढरे पॉपलीन गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढली, उभ्या-आडव्या धाग्यांना धरून ते ए४ मापाच्या स्टिकर कागदावर सुरकुती न पडू देता चिकटवले, कडेचे सुटे दोरे कापले आणि प्रिंटरमध्ये आधी जाणारी कड नीट दाबून घेतली. खानापूरच्या पावसात कापड सुकलेसे वाटले तरी दमट राहते, म्हणून छापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर कोरडी इस्त्री फिरवली. कागद मागून सरळ घेणारा प्रिंटर बरा, हे आपले म्हणणेही पटले, कारण पुढच्या ट्रेमधून जाताना कागद आत पूर्ण वळतो आणि चिकटवलेले कापड तिथेच सुटते. लेझर प्रिंटरला मात्र हे कापड दाखवूही नका, आतल्या उष्णतेने गोंद वितळून यंत्र कायमचे जाईल, असे आपण बजावले होते; घरी हा प्रयोग करू पाहणाऱ्या प्रत्येकाने ते लक्षात ठेवावे.

आजीने ओव्या शिसपेन्सिलीने लिहिल्या होत्या. मोबाइलवर स्कॅन करून कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर तिचा लांबट 'ळ' आणि ओळीबाहेर जाणाऱ्या वेलांट्या जशाच्या तशा उमटल्या. छापलेले तुकडे दिवसभर सुकू दिले, वर सुती फडके ठेवून वाफेविना इस्त्री केली आणि वाकळ शिवून झाल्यावर ती गार पाण्यात न घासता धुतली. अक्षर किंचित फिकट झाले आहे, पण प्रत्येक ओवी वाचता येते.

आपण मोबदला घेतला नाहीत, तरी आणखी एक विनंती करण्याचे धाडस करते. निपाणीच्या माझ्या मावसबहिणीला तिच्या वडिलांची पत्रे अशीच छापायची आहेत. ती निळ्या शाईत लिहिलेली आहेत आणि तिला तो निळा रंगच हवा आहे, म्हणजे आता सर्व रंग पिगमेंटचे असलेला प्रिंटर शोधावा लागेल. दिवाळीनंतर तिला घेऊन शहापूरला आले तर चालेल ना?

आपली कृतज्ञ,
खानापूरची वाकळवाली